कोपऱ्याची ज्वारी

तेर,
१० मार्च २०२४

चि. बिन्यामिन यास,

शालोम. इथं सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. गुडघा बरा आहे. तिर्झाची खोकल्याची बाटली इथंच राहिली. ठाण्याला दुसरी घेतली असशील.

ज्वारी निघाल्यावर मोकळ्या रानात उभं राहिलं, की मला शाळेतल्या कविता चालीसकट आठवतात. यंदा एकही आठवली नाही. रागात चाल सापडत नाही.

तू कोपरा कापलास.

आपल्या यहुदी धर्मात शेताचा कोपरा मालकाचा नसतो. तो उभा सोडायचा. ज्याला गरज असेल तो येऊन, आपल्या हातानं कणसं खुडून नेईल. मालकानं वाटायचंसुद्धा नाही. लहानपणी तू विचारलं होतंस, "बाबा, कोण नेतं?" मी म्हणालो होतो, "ते आपण बघायचं नाही." एवढं एकच नीट शिकवलं होतं तुला.

आणि तू काय केलंस? मी धाराशिवला डॉक्टरकडं गेलो, तेवढ्यात मजूर लावून कोपरा काढलास, ज्वारी पिशव्यांत भरलीस, पिशव्यांवर आपलं आडनाव छापलेले कागद चिकटवलेस. बायांना रांगेत उभं केलंस. तुझ्या आठ वर्षांच्या पोरीनं पिशवी पुढं करायची, आणि तू फोटो काढेपर्यंत सोडायची नाही. मी बसमधून उतरून रानात आलो तेव्हा तिर्झा म्हणत होती, "आजी, इकडे बघा ना, थँक्यू म्हणा ना." समोर कस्तुराबाई. तिनं पदर तोंडावर ओढला होता.

मी बोललो, तर तू म्हणालास, "बाबा, मुलांना दिसलं नाही तर ती दान शिकणार कशी?"

तिला दिसलं ते दान नव्हे रे. म्हाताऱ्या बाईला मान खाली घालायला लावता येते, हे तिला दिसलं. आणि तिला ते आवडलं. त्याची मला भीती वाटते.

बांधापलीकडून बाबामियाँ म्हणाला, "मास्तर, पोरानं राशनचं दुकान लावलं की तुमच्या. आता आम्हाला बी कार्ड काढावं लागतंय." तो हसत होता. मला हसू आलं नाही.

कस्तुराबाईकडं जाऊन आलो. तिनं चहा दिला. म्हणाली, "लेकरावर राग न्हाय, मालक. पर आता म्या कोपऱ्यावर येत न्हाय. इतकी वर्सं कुनी बघितलं नव्हतं, तवर ते माझं हुतं." पिशवी तिच्या उंबऱ्याबाहेर तशीच होती, आपल्या आडनावासकट.

तुला सांगत आलो, की माझी आई, तुझी शेगुलाआजी, शिवणकाम करायची. करायची, पण त्यावर चूल पेटत नव्हती. वडील इथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते, ते गेले, आणि अलिबागकडचे आपले लोक फार लांब. काढणी झाली की आई बाबामियाँच्या वडलांच्या रानात सरवा वेचायची. पडलेली कणसं, बांधाकडेला उभी राहिलेली चार ताटं. मी तिच्या पदराला धरून. ते चाचा आम्हाला बघितलं की बैल वळवून विहिरीकडं जायचे. तहान नसलेल्या बैलांना पाणी दाखवत उभे राहायचे, पाठ करून. त्यांना आपला धर्म कुणी शिकवला नव्हता. त्या पाठीमुळं मी वर्गात मान वर करून कविता म्हणू शकलो.

हे तुला कधी सांगितलं नाही. लाज आईची नव्हती, भीती तुझी होती. तू तिची कीव करशील, असं वाटायचं. परवा तुझं वाटप बघून कळलं, की तू तेच केलं असतंस.

आपल्या लोकांच्या ग्रुपवर तू टाकलेला वाटपाचा फोटो आज काढून टाक. कौतुक करणाऱ्यांना कारण सांग. ते तुला जड जाईल. जाऊ दे.

कस्तुराबाई पुढच्या वर्षी येईल की नाही, मला माहीत नाही. विचारायला मी जाणार नाही. कोपरा सोडीन, आणि घरी येऊन दार लावून घेईन. तिर्झाला त्या वेळी पाठव. ती माझ्याजवळ आत बसेल, कितीही हट्ट केला तरी. तू सोबत यायचं की नाही, ते ग्रुपवरून फोटो काढून टाकलास की लिहीन.

सरव्यावर वाढलेला,
तुझा बाप