भोजनावरून काढलेलं नाव

घाटकोपर,
सोमवार, १८ नोव्हेंबर १९५७

प्रिय सुनू,

तू श्यामकांतला पाठवलेलं कार्ड पोचलं. माझ्या नावाने नव्हतं, तरी त्याने मलाच येऊन वाचून दाखवलं, तेही खोलीच्या मधोमध उभं राहून, रविवारी शास्त्रपाठ वाचतो तसल्या खणखणीत आवाजात. तुझे पपा तिथेच खाटेवर होते. त्यांची जीभ गेलीय, कान गेलेले नाहीत, एवढं पाळकाच्या हाताखाली डीकन झालेल्या माणसाला कळू नये? ज्या तोंडाने मंडळीपुढे माझं नाव वाचलं ते तोंड मला बघायचं नाही, असं तू लिहिलंस. ते त्यांनी ऐकलं. रडले-बिडले नाहीत. छपराच्या पत्र्याकडे बघत राहिले. मी पेजेचा चमचा हातात धरून होते, तो पुढे केला, त्यांनी तोंड उघडलं. बस्स, इतकंच झालं. चार यत्ता शिकलेली बाई मी, अक्षर कसंही येईल. तुला शाळेत पोरांच्या वह्या तपासायची सवय आहे, चालवून घे. डॉक्टर म्हणतो, नाताळ बघतील असं वाटत नाही. त्याआधी तू एकदा यावंस असं मला वाटतं. येशील की नाही ते हे सगळं वाचून ठरव. मध्येच फाडू नकोस.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी ते देवनारला गेले होते. तिकडे कचऱ्याच्या डोंगराच्या पलीकडे आपल्या मंडळीची दोन घरं आहेत, तुला माहीत आहेत. एका घरात पोर तापाने पडलं होतं, पाळकाने येऊन प्रार्थना करावी असा निरोप होता. मी म्हटलं, ऊन उतरू द्या. ते म्हणाले, ताप काही ऊन उतरायची वाट बघत नाही. गेले चालत. प्रार्थना झाली, आमेन म्हटलं आणि उठता उठता उजवीकडे कलंडले. त्या माणसांनी हातगाडीवर घालून घरापर्यंत आणलं. अंगावर कोणी तरी आपलं धुतलेलं लुगडं पांघरलं होतं. गाडी दारात आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मी ते सूप खाली ठेवलं, वर झाकण घातलं, मग बाहेर गेले. झाकण कशाला घातलं, देव जाणे. शेजारची सरूबाई अजून सांगते सगळ्यांना, पाळकीणबाई काय धीराची! धीर कसला आलाय? मला तेव्हा काही झालंच नाही, आणि अजूनही होत नाही. त्यांना कुशीवर वळवते, पाठ पुसते, पेज भरवते, चादर धुते. परवा आमटीत मीठ घालायचं राहिलं आणि मी ती दोन दिवस खाल्ली. सरूबाईने चाखून थू केलं तेव्हा कळलं.

लोक येतात. मंडळीला आजारी माणूस मिळाला की ती उभी राहते, हे खरं. कोणी दूध आणतं, कोणी लिंबं. गिरणीतली माणसं पाळी सुटली की येऊन त्यांना उचलून बसवतात. पण प्रार्थना किती लांब करतात गं! पपांना बसवत नाही, मान गळते, आणि हे आपले डोळे मिटून देवाला इस्राएलापासून सांगायला लागतात. एकदा मी मध्येच आमेन म्हटलं. चहा गार होतोय म्हटलं, उरलेलं घरी जाऊन सांगा त्याला. पपांचं तोंड डावीकडे जरासं हललं. हसले असावेत.

आता रविवारी उपदेश करायला कोणी नाही. मुलुंडचे पाळक महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन प्रभुभोजनाची भाकर नि प्याला देतात, बाकी रविवारी पंचांनी ठरवलं की पपांच्या जुन्या वह्यांतून वाचायचं. म्हणून मी त्यांची ट्रंक उघडली. जाड पुठ्ठ्याच्या वह्या, मी आयुष्यभर ट्रंकेवरची धूळ पुसली, आत कधी बघितलं नव्हतं. आता दुपारी ते झोपले की एकेक ओळ लावत वाचते. तुला वाटेल सगळी शास्त्रवचनंच असतील. तसं नाही. एके ठिकाणी लिहिलंय, पाळकाची खोड अशी की लोकांना वाट दाखवता दाखवता तो येशूच्याही पुढे निघून जातो आणि तिथून मागे वळून चला चला म्हणतो. रोज सकाळी थांबून बघावं, तो आपल्या पुढे आहे ना. दुसऱ्या पानावर, मंडळी म्हणजे काय, तर ज्यांना आपण घरी बोलावलं नसतं अशा माणसांच्या शेजारी दर रविवारी बसायचं आणि पुढच्या रविवारी परत बसायचं. मला हे पटलं. सरूबाईशेजारी मी वीस वर्षं बसतेय.

आणि एक गंमत झाली. मागल्या महिन्यात श्यामकांत प्रीतीवरचा उपदेश वाचत होता. छान वाचत होता, हात-बीत हलवून. समासात पपांनी बारीक अक्षरात काही टिपलेलं, तेही ह्या शहाण्याने ओघात वाचलं, मंडळीवर प्रीती करणे सोपे, श्यामकांतवर करणे कठीण, प्रयत्न चालू. वाचून झालं आणि मग त्याच्या डोक्यात शिरलं. मग गिरणीवाल्यांच्या बाकावरून एकाला फुटलं आणि सगळा पत्रा दणाणला. श्यामकांत पाणी प्याला, म्हणाला, पुढची पानं चिकटलीत, आणि गीत सुरू करायला लावलं. पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी तोच सकाळी येऊन पपांची दाढी करून गेला, आणि आता एक दिवसाआड येतो. कधी वस्तरा लागू देत नाही. हे त्यांना शुद्धीत कळतंय का, असं मला विचारलं. मी म्हटलं, कळतंय, प्रयत्न चालू आहे त्यांचा.

हरवलेल्या मेंढराचा उपदेश तुला आठवत असेल, दरवर्षी करायचे. मी त्यावरून भांडायचे त्यांच्याशी. नगरकडची मी, आमच्या गावाबाहेर धनगर उतरायचे, मेंढरं मी पाहिलीत. मी म्हणायचे, नव्याण्णव उघड्यावर सोडून एकामागे जाणारा माणूस येडा, परत येईपर्यंत लांडगा चार उचलून नेईल. ते म्हणायचे, म्हणूनच ती गोष्ट देवाची आहे कमळ, धनगराची नाही. मी म्हणायचे, मग पाळकाने कुणासारखं वागायचं, ते सांगा. त्यावर ते वही उघडून बसायचे. वहीत त्याचं उत्तर असेल म्हणून मी शोधलं. नाही.

आता नावाचं बोलते. आपल्या मंडळीचा नियम तू लहानपणापासून पाहिलायस. कोणी मंडळीबाहेर हिंदू विधीने लग्न केलं, कोणी बाई ठेवली, कोणी दारू गाळताना धरला गेला, की प्रभुभोजनाच्या आधी पाळकाने त्याचं नाव वाचायचं, हा किंवा ही आजपासून भोजनाला नाही. मग ज्याचं चुकलं त्याने कधी तरी मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि मगच परत प्याला. तुझ्या आधी तीन वर्षं सरूबाईच्या जानकीचं नाव वाचलं गेलं होतं. तीही अशीच लग्न करून गेलेली. तू तेव्हा गाणाऱ्या पोरींत होतीस, पहिल्या बाकावर. जानकीचं नाव ऐकून सरूबाई बाहेर गेली नाही, तिथेच बसून राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मला तेव्हा वाटलं होतं, बरोबर झालं, नियम म्हणजे नियम.

मग तू नंदकुमारशी लग्न केलंस. भटजी आणून, सप्तपदी घालून. आम्हाला पत्राने कळवलंस, तेही झाल्यावर. तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पपांनी तुझं नाव वाचलं. सुनंदा मार्तंड, असं आधी तुझं आणि मागे स्वतःचं. आवाज नेहमीसारखा होता. मग भाकर मोडली. त्या दिवसाचा उपदेश श्यामकांतने वहीत शोधला, त्याला वाटलं असा मोठा उपदेश वाचायला बरा. पानावर तारीख आहे, वचनाचा आकडा आहे, खाली कोरं आहे. पुढचीही दोन पानं कोरी.

त्या दिवसापासून मी प्याला घेतलेला नाही. दारूबंदीमुळे आपल्याकडे द्राक्षारस म्हणजे काळ्या मनुका उकळून, गाळून केलेलं पाणी, ते मी दर महिन्याला करते, हात धुऊन, फडकं बदलून. प्याला माझ्यापर्यंत आला की पुढच्या बाईला देते. सगळे म्हणतात, आईचं काळीज, पोरीला मिळत नाही म्हणून हीही घेत नाही. मी कोणाला काही सांगितलं नाही. पपांनी एकदाच विचारलं, अजून नाही? मी नाही म्हटलं. परत विचारलं नाही.

तुझी तीन पत्रं आली पुढच्या वर्षात. तुम्ही बाप की पंच, असं पहिल्यात होतं. दुसरं फार वाईट होतं. तिसऱ्यात तू लिहिलं होतंस की तुझं पहिलं मूल पोटातच गेलं आणि आता तरी समाधान झालं का तुमचं. पपांनी प्रत्येक पत्र मला वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. उत्तर लिहायला बसायचे. मी चुलीकडून बघत राहायचे. टाक धरलेला असायचा, निबावरची शाई वाळायची, मग टाक पुसून ठेवून द्यायचे. दर वेळी मला वाटायचं, आज लिहितील. दर वेळी नाही लिहिलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

तो का, ते सांगायला हे पत्र. नाव वाचायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पपांनी झब्बा घातला होता तुझ्याकडे बोरीवलीला जायला. म्हणाले, कमळ, मी आधी पोरीला भेटतो, जावयाशी बोलतो, नाताळ होऊ दे, कदाचित नाव काढायची गरजच पडणार नाही. मी त्यांना दारातून मागे फिरवलं. त्याच सकाळी नळावर सरूबाई मला सगळ्या बायकांदेखत बोलली होती, आमच्या पोरीचं वाचलं खड्या आवाजात, आता पाळकाच्या पोरीचं कोण वाचतंय बघू. मी घरी येऊन म्हटलं, जानकीच्या वेळी झब्बा घालून कुठे गेला होतात? उद्याच वाचा. तुम्ही नाही वाचलंत तर मी उभी राहून वाचेन आणि पाळकाने स्वतःची पोर झाकली असंही सांगेन. ते म्हणाले, तुला नळावर मान वर करून पाणी भरायचंय. मी म्हटलं, हो, भरायचंय. त्यांनी झब्बा काढून खुंटीला लावला. नाव त्यांनी वाचलं सुनू, वाचायला लावणारी मी. हे एका ओळीत तुला लिहून ते मोकळे झाले असते आणि तू तीन वर्षं माझा तिरस्कार केला असतास. त्यांनी लिहिलं नाही. काल मी त्यांना सांगितलं, पोरीला सगळं कळवतेय. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मान हलवली, नको म्हणून. पुन्हा पुन्हा हलवली. तरी मी लिहितेय, कारण ऐकायची सवय मला कधीच नव्हती. येत्या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहून हेच सांगणार आहे, पण तुला ते श्यामकांतकडून कळायला नको. मला वाईट वाटतंय का म्हणून विचारशील तर काय सांगू, सध्या काहीच वाटत नाही, जे खरं ते लिहिलं. तू माझं तोंड बघू नकोस, त्याला माझी हरकत नाही. सकाळी आठ ते दहा ते चांगले जागे असतात. उद्यापासून रोज त्या वेळी मी सरूबाईकडे जाऊन बसणार आहे. नंदकुमारला आणलंस तरी चालेल. दार नुसतं लोटलेलं असेल.

तू मान किंवा मानू नको, तुझीच,
आई