चहा नको म्हणणारा माणूस

हाय गिल फार्म, यॉर्कशायर
एप्रिल अखेर

प्रिय मार्ला,

तुझं पत्र मेंढ्यांच्या कोठारात बसून वाचलं, कारण सध्या घरात टेकायलासुद्धा सवड नाही. मेंढ्या व्यायला लागल्यात. एकीला मोकळी करावी तोवर दुसरी पाय झाडायला लागते. एका कोकराने पत्राचा कोपरा चाटला, त्यामुळे तुझा शेवटचा परिच्छेद जरा पुसट झालाय, पण वाचता आला. मे महिन्यात तुझा पदवीदान समारंभ आहे, तुला नर्स म्हणून व्यासपीठावर बोलावणार आहेत, आणि मग तू लिहिलंस, ‘सिरिल, तुम्ही यायचं अजिबात मनावर घेऊ नका. कोकरांचा हंगाम आहे, मला कळतं. माझे पॉप असते तर गोष्ट वेगळी होती. आता माझ्या माहेरचं कुणीच नसेल, पण काही हरकत नाही. ॲलन आणि कोडी आहेत.’ हे ‘काही हरकत नाही’ मी बऱ्याच वेळा वाचलं. त्यावर नंतर येतो. आधी इथली खबरबात.

कोकरं यंदा बरी आहेत. पाऊस नको तेव्हा पडतो, म्हणजे नेहमीसारखाच. माझे वरचे सगळे दात काढून कवळी बसवली. ती डॉक्टरीणबाई फार खूश होती, मी नाही. जेवता येतं, पण शिट्टी गेली. तुला आठवत असेल, मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली की पलीकडच्या डोंगरावरचा कुत्रा जागच्या जागी वळायचा. आता नुसतीच हवा निघते. आत्ताचा कुत्रा, मॉस, माझ्याकडे असा बघतो की म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलंय. शेवटी मला त्याच्यामागे हाका मारत धावावं लागतं, या वयात, चिखलात, आणि शेजारचा डग्लस मेटकाफ कुंपणावर कोपर टेकून मजा बघत उभा असतो.

तुझी बातमी मी कुणाला सांगितली नाही. म्हणजे, तुमच्यासारखी सांगितली नाही. मेंढ्यांच्या बाजारात डग्लसशी एका एडक्याच्या किमतीवरून वाद चालला होता, त्यात मध्येच म्हणालो, ‘पाय चांगले आहेत त्याचे, पण छाती बारीक आहे. आमची सून नर्स झाली. आणि लोकर बघ, लोकरीत दम नाही.’ डग्लसने वाकून एडक्याचे खूर तपासले. मग म्हणाला, ‘वाईट नाही.’ तुम्हा अमेरिकन, त्यातून आयोवाच्या लोकांना हा अपमान वाटेल. पण डग्लसच्या तोंडून हे शब्द मी याआधी एकदाच ऐकलेत, त्याच्या स्वतःच्या एडक्याला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा. दुसऱ्या दिवशी टपालवाली बाई, पबचा मालक, चर्चमधल्या दोन म्हाताऱ्या, सगळ्यांनी मला आडून आडून विचारलं. मी सगळ्यांना सांगितलं, ‘हो, तसं ऐकलंय खरं.’ आणि घरी येऊन एकटाच हसत बसलो. तुझी सासूबाई एडना असती तर म्हणाली असती, किती मिरवायचं ते माणसाने!

एडना गेली त्याच्या पुढच्या वर्षी, कोकरांचा हंगाम आटोपल्यावर, मी तुमच्याकडे आलो होतो. विमानतळावर तू धावत येऊन मिठीच मारलीस आणि एवढ्या मोठ्याने ‘सिरिल!’ म्हणून ओरडलीस की एक पोलीस वळून बघायला लागला. माझे सासरे मरेपर्यंत माझ्यासाठी मिस्टर हार्कर होते. तीस वर्षं त्यांच्याबरोबर गवत कापलं, तरी मिस्टर हार्कर. आणि इथे ही पोरगी मला नावाने हाक मारून माझी बॅग ओढत चालली होती! घरी पोचल्यावर मी विचारलं, चहा किती वाजता असतो, आणि सहा वाजता हात-तोंड धुऊन, केस विंचरून टेबलाशी येऊन बसलो. तू माझ्यापुढे बर्फ घातलेल्या गोड चहाचा ग्लास ठेवलास. आमच्याकडे ‘चहा’ म्हणजे संध्याकाळचं जेवण, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. ॲलनने तरी सांगायचं, पण तो माझा मुलगा, तो कशाला तोंड उघडतोय. मी ग्लास संपवला, आभार मानले आणि उपाशी झोपलो.

सकाळी तू बिस्किट देते म्हणालीस. मी मनाशी म्हटलं, चला, बिस्किट तर बिस्किट, आणि पुढ्यात आला गरम मऊ पाव आणि त्यावर पांढरा दाट रस्सा. दुकानातल्या मुलीने ‘कसे आहात आज?’ विचारलं, तर मी तिला माझ्या गुडघ्याविषयी सविस्तर सांगितलं. मागे रांग लागली. त्या बिचारीला उत्तर नकोच होतं. आणि तुमच्या घरात किटली नव्हती! तू पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवून त्यात चहाची पुडी सोडलीस. मी म्हणालो, ‘जरा वेगळा लागतोय, हो.’ दुसऱ्या दिवशी ओट्यावर नवीकोरी विजेची किटली होती. मी तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता. तरी तुला कळलं होतं. तेव्हाच मला सुचायला हवं होतं की ही मुलगी शाळेची बस चालवण्यात वाया जातेय.

पण तुला लिहायचंय ते माझ्या नातवाच्या, कोडीच्या, शाळेतल्या पदवीदान समारंभाबद्दल. तो मोठा हॉल, घडीच्या खुर्च्या, काळे झगे घातलेली पोरं. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, सगळी नावं पुकारून होईपर्यंत कृपया टाळ्या राखून ठेवा. त्या अख्ख्या हॉलमध्ये ते ऐकणारा मी एकटाच निघालो. कुणी भोंगे वाजवले, कुणी घंटा आणली होती, एका आजीबाईने शाल फिरवली. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. मग कोडीचं नाव आलं आणि माझ्या शेजारी तुझे वडील, तुमच्या सगळ्या गावाचे पॉप, खुर्चीवर चढले. एवढा जाडजूड माणूस, ती खुर्ची कुरकुरली. तोंडाभोवती हात धरले आणि ज्या हाकेने त्यांनी आयुष्यभर डुकरं खायला बोलावली, ती हाक दिली. मी असली हाक जन्मात ऐकली नव्हती. माझे कान लाल झाले. मी खाली सरकलो आणि कार्यक्रमपत्रिका तोंडासमोर धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढली, छापखान्याचं नावसुद्धा.

पण पत्रिकेच्या वरून मला कोडी दिसला. तोवर तो व्यासपीठावर बावरून उभा होता, डोळे गर्दीत कुणालातरी शोधत होते. हाक ऐकली आणि त्याचं तोंड असं उजळलं की काय सांगू. त्याने थेट आमच्याकडे बघून हात वर केला. घरी जाताना गाडीत मी पॉपना म्हणालो, ‘तुमचा आवाज चांगला आहे.’ माझ्या भाषेत तो टोमणा होता. ते मनापासून खूश झाले. म्हणाले, ‘अहो सिरिल, पोराला कळायला नको, आपली माणसं कुठे बसलीत ते?’ मी खिडकीतून मका बघत बसलो.

आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी माझं पोट. मी तुला काहीच सांगितलं नव्हतं. सकाळी तू किटली लावलीस, मी म्हणालो, नको. दुपारी पुन्हा विचारलंस, पुन्हा नको. तू चमचा खाली ठेवलास, गाडीच्या किल्ल्या उचलल्यास आणि म्हणालीस, ‘उठा.’ रुग्णालयात त्या नर्सने मला विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? दहा म्हणजे सहन न होणारं. मी नीट विचार करून म्हणालो, ‘दोन. अगदीच अडीच म्हणा हवं तर. जरा कुरकुर आहे.’ ती दोन लिहिणार तेवढ्यात तू मध्ये पडलीस. मला प्रत्येक शब्द आठवतो. ‘बाई, थांबा. हा माणूस मोडलेल्या पायाने डोंगर उतरून घरी चालत आला होता आणि बायकोला म्हणाला होता, जरा मुरगळलाय. आज त्याने दोनदा चहा नको म्हटलंय. दोनदा! तुम्ही नऊ लिहा.’ त्या नर्सने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एका शब्दाने वाद न घालता नऊ लिहिलं. आतडं फुटायच्या बेतात होतं. आणखी थोडा वेळ ‘जरा कुरकुर’ करत बसलो असतो तर एडनाच्या शेजारी झोपलो असतो. शस्त्रक्रियेनंतर तीच नर्स तुला म्हणाली, ‘तुम्ही हे काम शिकत का नाही?’ तू हसण्यावारी नेलंस. मी अर्धवट गुंगीत होतो, पण तू हसताना तिच्या गणवेशाकडे कशी बघत होतीस ते मी पाहिलं.

पुढचं सगळं मी लांबूनच पाहिलं. चाळिशी ओलांडल्यावर तू वह्या-पुस्तकं घेऊन बसलीस. पहाटे शाळेची बस, मग वर्ग, मग घर. तू फोनवर सांगायचीस, पहिल्या परीक्षेत नापास झालीस, दुसऱ्यांदा बसलीस. प्रत्येक फोनच्या शेवटी तू म्हणतेस, ‘खूप प्रेम, सिरिल,’ आणि मी म्हणतो, ‘बरं, ठीक आहे. फोनचं बिल येईल.’ गेल्या हिवाळ्यात पॉप गेले. त्यांनी तुला वचन दिलं होतं ना, तुझ्या वेळी असा ओरडेन की शेजारच्या तालुक्यातली डुकरं येतील? ॲलनने मला सांगितलं. तू नाही सांगितलंस.

आता त्या ‘काही हरकत नाही’बद्दल. मार्ला, पंचवीस वर्षं माझ्या मुलाबरोबर संसार करून तुला आमची सवय लागली गं. तुमच्याकडची माणसं दुखलं की ओरडतात, आवडलं की ओरडतात. आणि तू मला लिहितेस, काही हरकत नाही. हे तर थेट माझं ‘जरा कुरकुर आहे’! तुझं मी दोन धरेन असं वाटलं का तुला? मी नऊ लिहिले.

म्हणून काल डग्लसकडे गेलो. अर्धा तास हवेवर बोललो, मग त्याच्या ट्रॅक्टरवर, मग पुन्हा हवेवर. जन्मात कधी मी ऐन हंगामात मेंढ्या सोडून कुठे गेलो नाही. माझ्या लग्नालासुद्धा आम्ही जूनची वाट पाहिली. शेवटी म्हणालो, ‘मला जरा आठवडाभर जायचंय.’ तो म्हणाला, ‘नर्स?’ मी म्हणालो, ‘हो.’ तो म्हणाला, ‘मग निघ की. माझ्या मेंढ्या आणि तुझ्या मेंढ्या काय वेगळ्या भाषेत वितात?’ तिकीट काढलंय. ॲलनला विमानतळावर यायला सांग, आणि किटली पुसून ठेव.

हे पत्र लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी की तुला आधी माहीत असावं, म्हणजे व्यासपीठावर दचकून पडू नयेस. पॉपसारखी हाक मला जमणार नाही. ती त्यांची होती. पण आठवडाभर मी कोठारामागे सराव करतोय, आणि शोध लागलाय की कवळी काढली की शिट्टी येते. पूर्वीसारखीच, वरच्या डोंगरापर्यंत. मॉस बिचारा दर वेळी चिखल उडवत धावत येतो आणि मेंढ्या कुठे आहेत म्हणून बघतो. तर तुझं नाव पुकारलं की तुझ्या उजव्या हाताला बघ. टाळ्या राखून ठेवा म्हणाले तरी बघ. कोट घातलेला एक बोळका इंग्रज म्हातारा खुर्चीवर चढलेला दिसेल, कवळी खिशात आणि दोन बोटं तोंडात. लोक बघतील. बघू देत. मला तुझा अभिमान वाटतो, मार्ला, आणि तो मी एडक्याच्या किमतीत गुंडाळून सांगणार नाही. शिट्टी ऐकू आली की समज, तुझ्या माहेरची माणसं तिथे बसलीत.

खूप प्रेम. (लिहिलं बघ.)

तुझाच,
सिरिल