ओपलआत्या ओढ्यापलीकडच्या वळणावर आहे
क्लीट,
तुझी ओपलआत्या घोडीवरून पडली आहे. ओढ्यापलीकडे, पुढचं दिसत नाही त्या वळणावर मी चारचाकी एटीव्ही गाडी जोरात घेतली आणि समोर तिची घोडी आली. मी लगेच इंजिन बंद केलं, पण तोवर घोडी बिथरली होती. आत्या शुद्धीवर आहे, पण सारखी विचारते, "विल्मा, माझे पाय कुठे गेले गं?" तिथून फोन लागेना, म्हणून तिला एकटीला सोडून घरी आले. ॲम्ब्युलन्स बोलावली आहे. तू चर्चच्या फाट्यावर थांबून त्यांना वाट दाखव. मी पांघरूण घेऊन परत जाते. या वेळी सावकाश जाईन. आत्या सगळ्यांना सांगेल, घोडीच द्वाड आहे. ऐकू नकोस. चूक माझी आहे.
विल्मा