काडाचं रेडकू

धारूर,
११ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. शिवकांतास, अण्णाकडून अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे ठीक हायेत. ठीक म्हणजे दुष्काळात माणूस जसं ठीक असतं तसं. दूध संस्थेत कॅन अर्धा भरला तरी लोक पुढं येऊन वाकून बघत्यात. मी सचिव म्हणजे निव्वळ माशा मारायला बसलेला सचिव. तुझी वहिनी म्हणती, माशा तरी नीट मारा.

जावईबापूंचं पत्र आलंय. ते लिहितात, तू शिबिराला जाऊन आल्यापासून लई शांत हायेस. आवाज चढत न्हाई, डोळ्याला पाणी न्हाई, आणि आता कॉलेजाचा राजीनामा देऊन कायमची इगतपुरीला राहाया जायचं म्हणतेस. त्यांचं शेवटचं वाक्य असं हाय की, अण्णा, भांडली असती तर बरं वाटलं असतं.

शिवे, कावून असं? मी तुझ्या ध्यानाला नावं ठेवत न्हाई. पण पहिलं बाळंतपण म्हणून तू माहेरी आलीस, लेक इथं जन्मली, गेल्या आषाढात तापानं इथंच गेली, शेताच्या बांधाला मातीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तू एसटीत बसलीस ते आजतागायत फिरकली न्हाईस. एकदा बी रडली न्हाईस. घरच्या माणसाला भ्या वाटतं.

दुसरं. आपल्या भोरीचं रेडकू मेलं. भोरी दूध चोराया लागली, धार काढू देईना. मग म्हाळूनं रेडकाचं कातडं काढून, त्यात गव्हाचं काड भरून शिवून दिलं. ते पुढं उभं केलं की हुंगती, चाटती आणि पान्हा सोडती. तू कॉलेजात जनावरांचंच शिकवतेस म्हणून विचारतो, एवढी शहाणी म्हैस काडाला फसती कशी?

वहिनी विचारती, बाळाची कुंची ट्रंकेत हाय. मुक्ताबाईच्या सुनेला मुलगी झाली, तिला द्यावी का?

हे पत्र वहिनीला वाचून दाखवलं तर कपाळाला हात लावून म्हणाली, म्हशीचं कशाला लिहिलं, अक्कल गहाण टाकली का? पण आता खोडलं तर तू तेवढंच निरखून वाचशील. म्हणून राहू देतो.

माया आहेच, पत्रं मात्र येत न्हाईत. तेवढं जमवावं.
तुझा अण्णा, कल्याणराव


पुणे,
२४ फेब्रुवारी १९८७

ती. अण्णांस, शिवकांताचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वहिनीला सांगा, म्हशीचं वाचून मला काहीही झालं नाही. चहा गार न होऊ देता पूर्ण वाचलं.

भोरी फसत नाही, तिचं नाक फसतं. आणि खरंखोटं कळावं म्हणून ते नाक घडलेलंच नाही. ज्या म्हशी वासाला पान्हवल्या त्यांची पिल्लं जगली, वाढली, त्यांनाही पिल्लं झाली. ज्या पान्हवल्या नाहीत त्यांचं पुढं कुणी उरलं नाही. असं लाखो वर्षं चालत आलं, म्हणून पान्हा वासाला बांधलाय, सत्याला नाही. आपलंही तसंच आहे, अण्णा. भीती, हाव, माया या सगळ्या पराण्या आहेत. टोचलं की आपण चालतो. समाधानसुद्धा फार टिकत नाही, कारण ज्याचं पोट एकदा भरून कायमचं भरलं असतं ते जनावर पुन्हा चरायला गेलंच नसतं.

गंमत म्हणजे बुद्धांनी हेच बैठकीवर बसून पाहिलं. मी जे फळ्यावर शिकवते ते त्यांनी स्वतःच्या अंगात बघितलं. शिबिरात दुसरं काही नसतं हो. मांडी घालून बसायचं, आधी श्वास बघायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत एकेक जागा बघत उतरायचं. गुडघा पेटतो. उठायचं नाही, बघत राहायचं. बघता बघता कळ हलते, पातळ होते, जाते. पराणी टोचते पण बैल जागचा हलत नाही. मला तिथं हसू फुटलं आणि पुढच्या बाईंनी मागं वळून पाहिलं.

लेकीचं दुःख त्यातलंच. पूर्वी काहीतरी उठायचं. आता उठतही नाही. आत कोरडं आहे, झाडून काढल्यासारखं. काही वाटत नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नाही. यालाच शांती म्हणत असावेत. मग ती जिथं मिळाली तिथंच राहिलेलं काय वाईट? राजीनामा लिहून ठेवलाय, जूनमध्ये कॉलेज उघडलं की देईन. यांना जपा म्हणून सांगितलंय, ते माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतात.

कुंची खुशाल द्या. नीट धुऊन द्या.

तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.
आपली, शिवकांता


धारूर,
९ मे १९८७

चि. सौ. शिवकांतास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, चौथ्यांदा वाचायची हिंमत झाली न्हाई. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळंच, कामाचं निमित्त उगंच कशाला सांगू.

चारा संपला. कारखान्याकडून उसाचं वाढं यायचं तेबी बंद झालं. तालुक्याच्या संघाकडून येतं ते कुणाला द्यावं यावरून रोज संस्थेच्या दारात तंडण. सचिवाच्याच म्हशीला जास्त मिळतं म्हणून बंकटनं चारचौघात मला सुनावलं. म्हणून मी आपली पेंढी त्याच्याच दावणीत टाकून आलो. वहिनीनं त्या राती माझ्यापुढं ताट आदळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडकू भोरीपुढं उभं केलं आणि बादली आणाया गेलो. येऊन बघतो तर भोरीनं रेडकाची शिवण फाडलेली, आणि त्याच्या पोटातलं काड वढून वढून खात होती. मी बघतच राहिलो. सगळं खाल्लं तिनं. मला वाटलं, झालं, आता हिला कळून चुकलं, दूध आजपासून बंद.

नुसतं कातडं राहिलं होतं खाली. ते तिनं हुंगलं. डोक्यापासून शेपटापर्यंत चाटलं. आणि पान्हा सोडला. तोंडाला अजून काड चिकटलेलं, आणि सडातून धार. रोजच्यासारखी.

तिला म्हाईत हाय, शिवे. काड हाय हे म्हाईत हाय. खाल्लं की तिनं.

मी बादली बाजूला ठिवली आणि गोठ्यात बसून लई रडलो. पोरगी गेली तवा तुला सांभाळायचं होतं म्हणून माझं रडणं राहून गेलतं. तुझ्या शास्त्रात ह्याला काय म्हणत्यात ते लिही. टोमणा मारत न्हाई, खरंच विचारतो.

लहान हायेस तोवर अण्णाचं ऐकावं, आणि तू कायम लहानच राहणार.
तुझा अण्णा


पुणे,
१७ मे १९८७

ती. अण्णांस, सा. न. वि. वि.

शास्त्राचं उत्तर सोपं आहे. वास कातड्याला असतो, काडाला नाही. काड गेलं म्हणून म्हशीला फरक पडायचं कारण नाही. एवढं लिहून पत्र संपवलं होतं. मग फाडलं.

एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. लेकीला बांधाला ठेवून आलो आणि माझं दूध थांबेना. दुसऱ्या दिवशी एसटीत केजच्या पुढं कुणाचं तरी मूल रडलं आणि माझं पोलकं भिजलं. मी पदर आवळून बसले. घरी आल्यावर फडक्यानं छाती करकचून बांधली. अंगाला अजून कळलेलं नाही, हे अंग मूर्ख आहे, असा भयंकर राग आला मला.

शिबिरात गुरुजींनी विचारलं होतं, बाई, गुडघा बघता तशी छाती बघता का? मी हो म्हणाले. खोटं होतं ते. मी गळ्यापर्यंत यायची आणि तिथून थेट पोटावर उडी मारायची. रोज. त्या उडीला मी शांती म्हणत होते.

तुमचं पत्र वाचून बैठकीला बसले. आज उडी मारली नाही. थांबले. काय झालं ते लिहिता येत नाही, अण्णा. हे स्वयंपाकघरातून हातातलं पीठ न झटकता धावत आले. मला ती हवी आहे. कारण कळलं, पराणी दिसली, सगळं ओळखलं, तरी हवी आहे. खूप वेळानं ते ओसरलं, संध्याकाळी परत आलं. दोन्ही वेळा मी बघितलं.

राजीनाम्याचं अजून ठरलेलं नाही. लगेच पेढे वाटू नका. येत्या तीस तारखेला शनिवारी येते. मला बांधावर एकटीला जाऊ द्या.

कुंची दिली असेल तर परत मागू नका, तसं शोभत नाही. दिली नसेल तर धुऊ नका.

आहे तशीच माया ठेवा.
तुमची शिवी


धारूर,
२२ मे १९८७

शिवकांताताईस, शांतादेवीचा नमस्कार. वि. वि. माझं अक्षर असंच हाय. हे बाजाराला गेल्यात म्हणून मीच लिहिते.

मुक्ताबाईच्या नातीला नवी कुंची शिवून दिली. बाळाची ट्रंकेतच हाय. आधीच्या पत्रात तुमी धुवा म्हणलात, तवा मी यांना सांगितलं, विहिरीत थेंब न्हाई, धुवू कशात.

तेवढं पाणी होतं.

या.
तुमची वहिनी