अक्काला खोटं सांगितलेलं ऑपरेशन

नळदुर्ग

अक्का,

पित्ताचे खडे काढले म्हणून तुला सांगितलं, ते खोटं होतं. वजन कमी व्हावं म्हणून म्या सोलापूरच्या दवाखान्यात पोट लहान करून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला, पोट दगडासारखं झालं. सिस्टर म्हणाली, "एवढ्या जाड बाईला दुखणारच. गप पडा." डॉक्टर दोन दिवस फिरकलेच न्हाईत. शेवटी ह्यांनी आरडाओरडा केला, तवा कळलं की आतला टाका सुटलाय. पुन्हा पोट फाडलं. महिनाभर नळीनंच पोटात अन्न घातलं. सात महिने झाले, तरी अजून चार घास खाल्ले की उलटी होते, केस मूठमूठ गळतात. शेजारणी म्हणतात, "नीलम्मा, लई छान बारीक झालीस!" मी हसते.

काल तू फोनवर म्हणालीस, जाडीमुळं स्थळं परत जातात म्हणून सोमवारी तुझ्या शिवांजलीला त्याच ऑपरेशनला, त्याच दवाखान्यात नेणार. फोन ठेवला अन् मी हे लिहायला बसले.

तुला वाचता येत न्हाय, हे पत्र धाडलं तर शिवांजलीच वाचून दाखवणार. असलं पोरीला कागदावरनं कळू नये. म्हणून धाडत न्हाय. सकाळच्या एसटीनं मीच येते. पोटावरचे व्रण तुम्हा दोघींना दाखवते, मग काय ते ठरवा.

तुझी धाकटी,
नीलम्मा