यम्माचा नाच आणि दोन डिस्कची पेटी

कुवेत, ४ फेब्रुवारी

ती. सबीकाताईस मिशारीचा सलाम व सा. न.

घरचे फोटो, व्हिडिओ आणि सगळ्यांच्या मोबाइलमधलं एका जागी ठेवणारी पेटी घ्यायला निघालो आणि शिसारी आली बघ! दुकानदार चार डिस्कचीच गळ्यात मारतोय. ती दिवसभर घरघरते. मेहुणा म्हणतो, पेटी कशाला, परक्या कंपनीच्या क्लाउडवर ठेव. शी! तुझ्या लग्नातला बायकांकडचा व्हिडिओ त्यात आहे, केस मोकळे सोडून नाचणारी आपली आई, आपली यम्मा आहे, एवढंही त्याला कळू नये? तुझ्या भावजयीने, अन्वारने, तो घरीच कॉम्प्युटरवर उतरवला. उतरवताना बुरशी लागलेली कॅसेट तुटलीच. आई गेल्यावर तिचं हलतं-बोलतं असं तेवढंच उरलंय.

दोन डिस्कची घेऊ ना? एकीवर जे, तेच दुसरीवर आपोआप. कळव. लहानावर माया असू दे.

मिशारी

मुहर्रक, ११ फेब्रुवारी

चि. मिशारीस उदंड आशीर्वाद.

दोन डिस्कचीच घे, आणि त्या मेहुण्याचे माझ्यातर्फे कान उपट. लग्नाच्या दारात आपण पाहुण्या बायकांचे मोबाइल काढून घेतो ते काय हौस म्हणून? यम्मा तर साधा फोटो काढू द्यायची नाही. बायकांखेरीज कुणी बघणार नाही, या बोलीवर ती कॅमेऱ्यासमोर नाचली. तिचा फोल्डर वेगळा, कुलूपबंद, पासवर्ड फक्त अन्वारकडे. तुझ्या धांदरटपणाची मला धास्ती वाटते, राग मानू नकोस.

ती नाचली तेव्हा मी नवरी म्हणून वरच्या खोलीत नटून बसले होते. सगळ्यांनी पाहिलं, मीच नाही. नंतर यम्माने ती कॅसेट कपाटातून काढूच दिली नाही. ईदला येतेय ती तेवढ्यासाठीच. मुलांना पापे.

तुझी ताई

कुवेत, २० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

फोन करायला तोंड नाही म्हणून लिहितोय. पेटी लावली, कॉम्प्युटरवरचं सगळं तिच्यात हलवलं आणि कॉम्प्युटर रिकामा केला. मुलांना कार्टून बघता यावीत म्हणून घरातल्या सगळ्या टीव्हींवर दिसण्याची सोय चालू केली. यम्माच्या फोल्डरचं कुलूप उद्या घालू म्हटलं. मंगळवारी बाहेरच्या बैठकीत, दिवाणियात, नेहमीची पुरुषमंडळी जमली, सामना संपला, चहा फिरला आणि मी नवी पेटी मिरवायला गेलो. टीव्हीने नवीन आलेलं म्हणून आपणहून तेच लावलं. यम्मा, मोकळ्या केसांनी, त्या सगळ्यांपुढे! काकांनी मान खाली घातली. काहीजण मात्र बघतच राहिले, मेले! मी धावत जाऊन वायर उपटली. माझीच मला किळस आली, ताई.

मंडळी गेल्यावर तो व्हिडिओ पुसून टाकला. एकीवरून पुसताच दुसरीवरूनही गेला, मागमूस राहिला नाही. निदान आईचा शब्द राखला. क्षमा असावी.

मिशारी

मुहर्रक, २७ फेब्रुवारी

मिशारी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. बघत राहिलेल्यांची शिसारी आलीच, तुझी त्याहून जास्त. अरे गाढवा, एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही जाणार, मग ती दुसरी प्रत कसली? वेगळ्या डिस्कवर उतरवून अन्वारच्या कपाटात ठेवली असतीस तर काय बिघडत होतं? मला एका शब्दाने विचारलंस? आणि शब्द राखला म्हणे! ज्यांनी बघू नये त्यांनी बघून झाल्यावर तू पुसलंस. पुसलं गेलं ते फक्त माझ्यापुरतं.

ईदला येणार नाही. आले तर यम्मा कशी नाचत होती हे मला तुझ्या दिवाणियातल्या त्या पुरुषांना विचारावं लागेल.

माया आहे, पण सध्या मागू नकोस.

सबीका