चॉकलेटचे तीन डबे

दुकानातून,
४ मार्च

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. इकडे मी आणि तुझी वहिनी ठीक आहोत. तुझ्याकडची मंडळीही मजेत असतील असं धरून चालतो.

पाकीट फोडण्याआधी तू ते हुंगलं असशील. लहानपणापासून तुझं नाक तसलंच, बंद कपाटातला खाऊ बाहेरून ओळखणारं. तर हो, वास तंबाखूचाच आहे. चॉकलेटच्या तंबाखूचा. कागद लगेच चुरगाळू नकोस, पुढे वाच.

गेल्या खेपेला तू माझा पाइप खिडकीतून खाली फेकलास, मी तुला ‘दातांची डॉक्टर आहेस ना, मग दात बघ’ असं म्हणालो, आणि तेव्हापासून आपण बोललेलो नाही. त्यावर आज मला काही म्हणायचं नाही. पाइप सापडला. दांडीला चीर गेली आहे, दोरा गुंडाळून चालवतो. माहिती म्हणून कळवलं.

दादाला मध्येच पत्राची हुक्की कुठून आली, फोन काय मेला का, असं तुला वाटेल. दुकानात फोनवर धड बोलता येत नाही. गिऱ्हाईक असतं. पत्रच बरं.

सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, मी आणि कप्तान सध्या मोठ्या कामात आहोत. कप्तान तुला आठवत असेल. जन्मभर बस डेपोत तिकिटं दिली, बोटीत कधी पाय ठेवला नाही, पण पांढरी दाढी आणि पाइप यांच्या जोरावर कप्तान झाला. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा मागच्या खोलीत, चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनशेजारी, आम्ही दोघं बसतो आणि चॉकलेटच्या तंबाखूंची परीक्षा घेतो. तीन डबे आणलेत. तुला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून नीट सांगतो.

तपकिरी डबा उघडला की वाटतं, शेजारी कुणीतरी गरम कोको ओततंय. पण पेटवल्यावर तो सगळा कोको खोलीभर पसरतो आणि ओढणाऱ्याच्या वाट्याला नुसती गरम वाफ येते. वास दुसऱ्याला आणि चटका आपल्याला, असा हा व्यवहार आहे. हिरव्या डब्यात चॉकलेटबरोबर व्हॅनिला आहे. ती तंबाखू इतकी ओली की बोटांना चिकटते, दर दोन झुरक्यांना विझते. कप्तान म्हणतो, “ही तंबाखू नव्हे, काड्यापेटीवाल्याची मेहुणी आहे.” काळ्या डब्यात मात्र चॉकलेटचा पाक नाही, खरी कोकोची पूड आहे. कडू, कोरडी, जरा जास्त भाजलेल्या बिस्किटासारखी. माझं मत काळ्याला.

मुख्य भानगड चवीची नाहीच. आम्ही पाइपवाले म्हणतो, अमकी तंबाखू जिभेला चावते. म्हणजे ओली तंबाखू वाफाळते आणि जीभ पोळते. तपकिरी चावते. हिरवी चावते. काळी चावायला नको, पण तीही थोडी चावतेच. म्हणून हल्ली मी तंबाखू आधी कागदावर पसरून सुकवतो, काउंटरवर, फ्रेमच्या शेजारी. परवा एका बाईंनी नवा चष्मा नाकावर ठेवला आणि म्हणाल्या, “अय्या, केकचा वास येतोय.” मी म्हटलं, नव्या फ्रेमला येतो तसा.

बरं, एक सहज विचारतो. पोळलेली जीभ बरी व्हायला साधारण किती वेळ लागतो? बराच काळ राहिली तर काही लावायचं असतं का? कप्तान विचारत होता. घाई नाही, सवडीने कळव.

तुझा
दादा


१८ मार्च

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच वाक्यं: ‘कप्तानांना लगेच माझ्याकडे पाठव. आणि तू फोन का करत नाहीस?’ खाली सहीसुद्धा नाही. आशीर्वाद पोचले एवढं तरी लिहायचंस.

कप्तान येणार नाही. तो ठणठणीत आहे. परवा माझ्यासमोर त्याने कडक टोस्ट कडाकडा चावून खाल्ले आणि वर उकळता चहा प्यायला. मी बघत बसलो.

फोनचं म्हणशील तर मशीनचा आवाज फार असतो. रविवारी मशीन बंद असतं, हे तू म्हणणारच. रविवारी आम्हाला वेळ नसतो.

तुझ्या वहिनीचं हल्ली काही कळत नाही. पावाच्या कडा कापून मधला मऊ भाग मला वाढते. चहा आधीच निववून आणते. मी म्हटलं, “अगं, दात आहेत मला.” तर म्हणाली, “असू देत की.” आणि कडा स्वतः उभ्या उभ्या खाल्ल्या. चिडली आहे म्हणावं तर तसंही दिसत नाही. मध्येच माझ्याकडे बघत राहते. मी विचारलं, काय झालं? म्हणते, काही नाही, बोला ना तुम्ही. आता मी काय बोलू?

परीक्षा अजून चालू आहे. पाइप मी आता तोंडाच्या उजव्या बाजूला धरतो. आयुष्यभराची डाव्या बाजूची सवय, त्यामुळे लाळ गळते आणि कप्तान हसतो. पण धूर डावीकडे जाऊ नये एवढ्यासाठी ते सोसतो. फरक पडेल असं वाटलं होतं. पडेल. थोडे दिवस जायला हवेत.

कप्तानाला माझा संशय आहे. तो म्हणतो, “तुला डबा दिसला की तुझी जीभ आधीच रडायला लागते. डोळे बांधून ओढ, मग बोल.” म्हणून येत्या रविवारी मी डोळे बांधणार. नजर तपासताना एक डोळा झाकायला माझ्याकडे काळ्या पट्ट्या असतात, त्या दोन्ही डोळ्यांवर लावायच्या. कप्तान त्याच्या मनाप्रमाणे पाइप भरून देणार आणि मी कुठली तंबाखू चावते ते सांगणार. एकदा चावणारी नक्की कळली की ती बंद करायची. प्रश्न मिटला.

आणि बाबांचं मध्ये आणू नकोस. कार्डावर तू ते लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात तेच आहे, मला ठाऊक आहे. बाबांची गोष्ट वेगळी होती. त्यांनी पाइपला कधी हात लावला नव्हता.

उत्तर लिहिलंस तर जरा मोठं लिही. दोन वाक्यं वाचून माणसाला नको नको ते सुचतं.

तुझा
दादा


२४ मार्च

बारके,

काल परीक्षा झाली.

मी पट्ट्या लावून बसलो. कप्तानाने पहिला पाइप हातात दिला. मी चार झुरके घेतले आणि म्हटलं, “चावते. डावीकडे, मागे.” त्याने दुसरा दिला. मी म्हटलं, “हीसुद्धा. डावीकडे, मागे.” तिसऱ्याला चॉकलेटचा वासच येईना. मला वाटलं, माझं नाक थकलं. म्हटलं, “ही जरा कमी, पण डावीकडे मागेच.”

मी पट्ट्या काढल्या तर कप्तान पाइप हातात घेऊन नुसता बसला होता. तिसऱ्या पाइपमध्ये चॉकलेटची तंबाखू नव्हतीच. साधं, जुनं, वाळलेलं तंबाखूचं पान होतं, जे म्हणे कुणालाच चावत नाही. माझी फजिती करायला त्याने भरलं होतं. पण हसला नाही.

मग म्हणाला, “अरे, मला चावली की ती शेंड्याला चावते, धूर जिथे आदळतो तिथे. दोन दिवस पाइप ठेवला की विसरते. तुझी तंबाखू काय पत्ता विचारत येते? पाइप उजवीकडे धरतोस, तरी तिला जायचंय डावीकडे, मागेच?”

मी त्याच्यावर ओरडलो. तुला तंबाखूतलं काय कळतं, डेपोत तिकिटं फाड, असं काहीबाही बोललो. उठताना तो म्हणाला, “आणि तू हल्ली जड बोलतोस. मला वाटलं होतं, पाइपमुळे.”

म्हणून मी फोन करत नव्हतो. तू पहिल्या वाक्याला ओळखलं असतंस. तू ओळखू नयेस म्हणून पत्रं लिहीत होतो, आणि तू ओळखावंस म्हणून त्यात नाही नाही ते विचारत होतो. दोन्ही खरं आहे. मला एकदम वेड्यात काढू नकोस.

तर ऐक. जिभेच्या डाव्या कडेला, मागे, एक जागा आहे. थंडी पडायला लागली तेव्हापासून आहे. आधी दुखत नव्हती, आता दुखते. दुकानभर आरसे आहेत, गिऱ्हाइकाला फ्रेम बघायला. इतके दिवस त्यातल्या एकाही आरशापुढे मी तोंड उघडलं नाही. काल कप्तान गेल्यावर उघडलं. मोठं दाखवणारी काचही धरली. पांढरट आहे, मध्ये लाल. बोट लावलं तर कडक लागतं. पुढे बघवलं नाही. काच खाली ठेवली आणि तिथेच बसून राहिलो. मग दुकानाला कुलूप लावलं.

घरी जाऊन तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत आहे हो. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.” आणि मग इतकी रडली की मीच तिला पाणी आणून दिलं. पावाच्या कडांचं आता कळलं तुला.

मला भीती वाटते आहे, बारके. फार वाटते आहे. तीन डबे आणले ते चवीसाठी नव्हतेच. तिघांतला एक तरी गुन्हेगार निघावा आणि मी सुटावं, एवढंच होतं. डबे कप्तानाला देऊन टाकले. तो म्हणाला, मलाही नकोत, आणि दोघांनी मिळून कचऱ्यात टाकले. कचऱ्याची पेटीसुद्धा चॉकलेटचा वास मारत होती.

मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. वहिनी बरोबर आहे. थेट तुझ्या दवाखान्यात येऊ, घरी नको. बाकीची गिऱ्हाइकं, म्हणजे तुझे पेशंट, आटपल्यावर बघ. मी बाहेर बसेन.

एक मागणं आहे. तू दात बघताना सारखी बडबडत असतेस. समोरच्याचं तोंड उघडं, त्याला हूं की चूं करता येत नाही, आणि तू भाजीच्या भावापासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळं ऐकवतेस. बाबांचं तोंड तपासायला त्यांना खिडकीपाशी बसवलंस तेव्हाही तू अशीच बोलत होतीस. आणि मग मध्येच गप्प झालीस. त्यानंतर खूप वेळ हात धूत राहिलीस. जिना उतरताना बाबा मला म्हणाले होते, “पोरगी गप्प झाली रे.” तेवढ्यावरून त्यांना सगळं समजलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तर गुरुवारी मला शिव्या दे. पाइप पुन्हा फेकून दे, मी बरोबर आणतो आहे. दात बघ म्हणालो होतो, त्याचा हवा तेवढा सूड घे. आत काहीही दिसो, खोटं सांगू नकोस, पण गप्प होऊ नकोस. मी आ करून बसेन. तू बोलत राहा.

तुझा
दादा